हळद लागलेली गाळणनळी

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. काल्याच्या दिवशी माझ्यावर काय गुदरलं ते सांगते.

मी एक जुनी गाळणनळी आहे. गोदावरीकाठी, पुणतांब्याच्या अलीकडच्या गावात पाणीघरात राहते. पांढऱ्या मातीची कणीक मळून मला घडवलं, तांबं वितळेल अशा भट्टीत भाजलं. माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रं आहेत. त्यांतून पाणी पाझरतं. गाळ आणि रोगजंतू अलीकडेच थांबतात. मी येण्याआधी गावच्या हरिनाम सप्ताहात नदीचं पाणी पिऊन चाळीस माणसं आजारी पडली होती. त्यानंतर नऊ वर्षांत एकही नाही. विठुरायाने ही सेवा माझ्या पदरात घातली, याचा मला अभिमान वाटतो.

पाणीघर सांभाळणारा रामहरी भाबडा माणूस. खंडेनवमीला त्याने पंपाला हार घातला. मग खरी राबणारी कोरडी कशी ठेवायची, म्हणून झाकण उघडून मला तेल-हळद चोळली. झालं! तेलाने माझी छिद्रं बुजली. पाणी थेंबावर आलं. दुसऱ्या दिवशी दसरा, काल्याचं कीर्तन आणि दोन हजार माणसं जेवायला.

"फेकून द्या ती," सकाळी सप्ताहाची मंडळी म्हणाली. "आजच्या दिवस नदीचंच पाणी टाकीत सोडा."

आमटीची पातेली घासणाऱ्या गोजरबाई उठून आल्या.

"गाळणीचं लगीन लावलंस व्हय रे?"

रामहरीने मान खाली घातली. "चुकलं, मावशी."

"लोनच्याची बरनी तेलकट झाली तर फोडतोस का? कडक पान्यात धुन्याचा सोडा घाल."

"तडकंल की."

"आधी कोमट, मग कडक. भट्टीतनं आलेली हाय ती."

तसंच केलं. पंपाने पाणी माझ्यातून उलट्या बाजूने सोडलं, पिवळं पाणी ओतून दिलं, पुन्हा पुन्हा खळबळून काढलं. प्लास्टिकची गाळणी असती तर त्या पाण्यात टिकली नसती. मी टिकले. स्वच्छ धार लागली, तेव्हा रामहरी पहिला पेला स्वतः प्यायला.

"काय व्हायचं ते मला हुदे," म्हणाला.

त्याला काही झालं नाही. दोन हजार माणसं पोटभर पाणी प्यायली.

मित्रांनो, माझी पूजा करू नका, मला वेळेवर धुवा. आणि एक मागणं आहे. काल्यानंतर माईकवरून अन्नदात्यांची नावं वाचली, पण पाणी वाचवणारीचं राहून गेलं. ती तेव्हा मागे पातेली घासत होती. पाणी पिताना तेवढं नाव तुम्ही घ्या: गोजरबाई.