बसल्या जागेची चढाई

वच्छलाच्या घरात फुलांच्या टोपलीचा एक कायदा होता. देवाची फुलं हुंगायची नाहीत, त्यांच्यावर वाकून बोलायचं नाही, आणि गोपालने तर त्यांच्या जवळपासही फिरकायचं नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी गोपालने शेवंतीच्या टोपलीवर वाकून एक दणदणीत शिंक दिली होती. नव्या नवरीने ती अख्खी टोपली उचलून गाईपुढे ओतली आणि नवऱ्याला म्हणाली, "आजपासून तुमी टोपलीच्या दोन हात दूर बसायचं." त्याला बावीस वर्षं झाली. फुलं गोपालच पिकवायचा, तोच तोडायचा, धामणगावच्या बाजारात तोच न्यायचा. पण संध्याकाळी वच्छला हार ओवायला बसली की आपला पाट दोन हात मागे सरकवून बसायचा.

आता अशा घरात झेंडू आला, याला काय म्हणावं.

झेंडू म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. रंगावरून नाव पडलं. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची लेक आकांक्षा त्याला धामणगाव स्टेशनवरून ओढणीत गुंडाळून घेऊन आली आणि दीड महिन्यात स्वतः अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकायला निघून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, याले सांभाळा." गोपालने मान हलवली. मनात म्हणाला, कुत्र्याचं काय सांभाळायचं असतं. पण लेक गेल्यावर घर एवढं चिडीचूप झालं की पंधरा दिवसांत तो शेतावर निघताना आधी चप्पल नाही, झेंडूला शोधायला लागला.

सगळं छान चाललं होतं. आणि मग घट बसायला आठ दिवस असताना, गुरुवारी सकाळी, वच्छला चहाचा पेला घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली.

"काहो, हे काय खाऊन राह्यलं?"

गोपालने पाहिलं. पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "माती असन."

"माती अशी नसते."

नव्हतीच. झेंडूने आत्ताच भिंतीपाशी शी केली होती आणि आता मोठ्या आवडीने ती साफ करत होता, आपल्या तोंडाने. खाऊन झाल्यावर जिभल्या चाटत, शेपटी हलवत तो थेट वच्छलाच्या पायांकडे निघाला. वच्छला चहासकट घरात गेली आणि आतून कडी घातली.

कडीच्या आतूनच निकाल लागला. "पुढच्या शुक्रवारी घट बसते. नऊ दिवस देवीचे हार माह्या हातून जातात. हे तोंड उद्या टोपलीत गेलं त मी तो हार कसा पाठवू? घटाच्या आत सुटलं त राहू द्या. नाही त माहा भाऊ भगवंतदादा येऊन त्याले कौंडण्यपूरले घेऊन जाईन. तिथं वावर हाय, काय खायाचं ते खाऊ दे."

वच्छलाचं चुकत होतं म्हणावं, तर एका अक्षराने चुकत नव्हतं. गोपालची पंचाईत हीच होती. भांडायला जागाच नव्हती आणि झेंडू तर त्याला हवा होता. लेकीसाठी हवा, असं तो सांगायचा. पण खरं म्हणजे त्याला स्वतःलाच हवा होता.

आता गोपाल कोण, तेही सांगायला हवं. एकेकाळी अख्ख्या तालुक्यात कबड्डीच्या चढाईला त्याच्यासारखा गडी नव्हता. समोरच्या सात जणांत शिरायचं, एकाला शिवायचं आणि वाऱ्यासारखं परत यायचं. वय वाढलं, पोट सुटलं, पण डोक्यातली चढाई काही गेली नाही. कोणतंही काम अंगावर आलं की हा माणूस आधी धावतो, विचार मागून येतो. झेंडूचंही त्याने तेच केलं. झेंडूच्या तोंडाआधी आपली सुपली पोचली की विषय संपला.

शुक्रवारी पहाटेच तो सुपली घेऊन हौदाआड दबा धरून बसला. झेंडू आला, गोल गोल फिरला, भिंतीपाशी बसला. बसल्या बसल्या मान वळवून त्याने गोपालकडे पाहिलं. गोपालने त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर दोघंही हलले नाहीत. मग झेंडू उठला आणि गोपाल सुटला. काय धाव होती ती. फुलांच्या रिकाम्या कॅरेटची थप्पी ओलांडली, खराटा उडाला, कोंबड्या छपरावर गेल्या. गोपालने डावीकडून हुलकावणी दिली, झेंडूने उजवीकडून घुसून कार्यभाग उरकला आणि लांब जाऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत नुसता आनंद. पुन्हा कधी खेळायचं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

शनिवार संध्याकाळपर्यंत झेंडू सात, गोपाल एक, असा निकाल होता. तो एकही अंगण ओलं होतं आणि झेंडू घसरला म्हणून.

बाजारात चहावाल्या पुंजाजीला ही बातमी गोपालनेच सांगितली, आणि पुंजाजीकडे दुनियेतल्या प्रत्येक गोष्टीवर इलाज असतो. "त्याच्यावर तिखट टाक. जिंदगीत तोंड नाही लावणार." गोपालने घरचं मिरचीचं तिखट मूठभर नेलं. रविवारी सकाळी देवाच्या कृपेने तो आधी पोचला, तिखट भुरभुरलं आणि विजयी मुद्रेने बाजूला झाला. झेंडूने हुंगलं, शिंकला, तरीही खाल्लं, बादलीतलं पाणी प्यायला, आणि परत येऊन आणखी आहे का ते पाहिलं. इकडे गोपालने घाम पुसायला हात कपाळावर नेला तो डोळ्यापर्यंत उतरला. मग जे व्हायचं ते झालं. वच्छलाने तांब्यावर तांबे ओतले. गोपाल डोळे मिटून बोंबलत होता आणि वच्छला थंडपणे विचारत होती, "तिखट कोणाले लावलं म्हणता?"

त्याच संध्याकाळी आकांक्षाचा फोन आला. गोपालला तिला सगळं दाखवायचंच होतं. त्याने फोन कॅरेटला टेकवून उभा केला, कॅमेरा अंगणाकडे वळवला आणि झेंडूची वेळ झाल्याबरोबर नेहमीप्रमाणे सुटला. नेहमीप्रमाणे हरला. धापा टाकत फोनपाशी आला तेव्हा डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"पाह्यलं? काय चपळ हाय पोट्टं."

आकांक्षा हसली नाही. "बाबा, तो खायच्या आधी कोणाकडे पाह्यते?"

"कोणाकडे पाहीन? माह्याकडे पाह्यते."

"मंग? तुमी धावता म्हणून तो खाते. त्याले वाटते, बाबाले बी तेच पाह्यजे. जो आधी पोचला, त्याचं." मग तिनेच आठवण करून दिली. "अन् मी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं घरात घाण केली होती. तुमी ओरडले होते ना त्याच्यावर?"

गोपाल ओरडला होता. लेकीची खोली रिकामी पाहून सकाळपासून डोकं फिरलेलं होतं, आणि सगळा राग त्या टीचभर पिल्लावर काढला होता. झेंडू कॉटखाली जाऊन बसला होता. तेव्हापासून तो आपली घाण आपणच नाहीशी करायला शिकला, म्हणजे पुन्हा कोणी ओरडायला नको. आणि वर गोपालने त्याची रोजची मॅच लावून दिली. गोपालला स्वतःची इतकी लाज वाटली की फोनमधल्या लेकीच्या नजरेला त्याने नजर दिली नाही.

आकांक्षाने तिच्या मॅडमला विचारून दुसऱ्याच दिवशी सगळं कळवलं. डॉक्टरकडून जंताचं औषध. दिवसातून तीन वेळा पोटभर खाणं. झेंडूला सैल दोरी बांधायची, त्याचं झालं की हाक मारायची, आला की काहीतरी आवडीचं द्यायचं, आणि तो खाण्यात गुंतला की दुसऱ्या कोणीतरी गुपचूप ती जागा साफ करायची. ओरडायचं नाही. "अन् बाबा, धावायचं नाही. अजिबात."

औषध सोपं होतं. खाणं सोपं होतं. न धावणं म्हणजे गोपालला फाशीची शिक्षा होती. मंगळवारी झेंडू भिंतीपाशी बसला आणि गोपालचे पाय त्याला न विचारता उठले. मॅच सुरू झाली म्हणून झेंडूही खूश. बुधवारी गोपाल बसून राहिला, पण हाक मारताना एवढ्या जोरात ओरडला की झेंडू अर्ध्या वाटेतून परत फिरला. मग दोरीने ओढून आणावा लागला.

गुरुवार उजाडला. शेवटचा दिवस. भगवंतचा फोन येऊन गेला होता, दुपारी मोटरसायकल घेऊन येतो म्हणून. वच्छला पेला घेऊन दारात उभी राहिली.

"दोरी सोडा."

"आज राहू दे ना."

"नऊ दिवस काय दोरी धरून बसान? सोडा."

गोपालने दोरी सोडली. छाती धडधडत होती. एवढी तर तालुक्याच्या फायनललाही धडधडली नव्हती. त्याने एक कॅरेट पालथं घातलं आणि भिंतीकडे पाठ करून बसला, कारण नुसतं दिसलं तरी आपण उठू हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खिशात तूप लावलेला भाकरीचा कुटका होता. मागे काय चाललंय ते आता त्याला फक्त समोर उभ्या वच्छलाच्या चेहऱ्यावर दिसणार होतं.

वच्छलाची नजर भिंतीच्या कडेकडेने सरकली. थांबली. म्हणजे झेंडू बसला. गोपालने मांड्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या.

वच्छलाने पेला ओठांपासून खाली घेतला. म्हणजे झालं. आता तो मान वळवून पाहत असणार, हा येतो की नाही.

"झेंडू, ये," गोपाल म्हणाला. एकदाच आणि हळू, पाळण्यातलं लेकरू उठू नये इतक्या हळू.

काही नाही. पायांत मुंग्या आल्या होत्या. उठ, धाव, सगळं अंग सांगत होतं. तेव्हा गोपालला एकच गोष्ट सुचली. त्याने छातीभर श्वास घेतला आणि तोंडातल्या तोंडात सुरू केलं, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. जोवर दम आहे तोवर उठायचं नाही. आयुष्यभर जो दम पळायला वापरला तो आज बसायला लावला. वच्छलाची नजर तिथेच खिळलेली. कबड्डी, कबड्डी. चेहरा तापला, कानांत घुमायला लागलं. वच्छलाच्या भुवया वर गेल्या. कबड्डी, कबड्डी, कब...

त्याच्या तळहातात ओलं नाक घुसलं.

गोपालने कुटका दिला, मग खिसा उलटा करून सगळा चुरा दिला, मग झेंडूला उचलून छातीशी धरला आणि अंगणभर धावत सुटला. आता धावायला कोणाची हरकत नव्हती. झेंडू त्याचे कान चाटत होता आणि पंचेचाळीस वर्षांचा तो बाप्या लहान पोरासारखा हसत होता. धाप लागून थांबला तेव्हा त्याला दिसलं, वच्छलाने सुपलीत राख घेतली होती आणि भिंतीपाशी वाकून ती जागा मुकाट्याने साफ करत होती.

"आज सोडलं," ती म्हणाली. "उद्याचं काय?"

"उद्या बी बसतो. नऊ बी दिवस बसतो."

तिने हात साबणाने दोनदा धुतले, पदराला पुसले आणि भावाला फोन लावला. "दादा, येऊ नोको आज. दसऱ्याले ये जेवायले."

संध्याकाळी झेंडूच्या फुलांची कॅरेट घरात आली. वच्छलाने टोपली भरली, सुईत दोरा ओवला आणि पहिलं फूल घेतलं. गोपाल आपल्या पाटावर, आपल्या जागी. एवढ्यात दुडदुड पावलं वाजली आणि पिल्लू नाक वर करून हुंगत हुंगत टोपलीकडे निघालं. गोपालचे पाय उठायला लागले. त्याने ते दाबले.

वच्छलाने हारावरून नजरही उचलली नाही. "ए झेंडू. दोन हात दूर."

तो आवाज या घरात ज्याने ऐकला, तो थांबलाच. झेंडूही थांबला, गोंधळून इकडेतिकडे पाहू लागला.

"अन् तुमी," वच्छला नवऱ्याला म्हणाली, "जरा सरका. त्याले बसायले जागा द्या."