दुसऱ्याच्या घरातली मडकी

लिफ्टमध्ये माणसं अडकली की मेकॅनिकनं आधी काय करायचं, तर बोलायचं. पाना-हातोडी नंतर. आधी बंद दाराला तोंड लावून आतल्यांना सांगायचं, "आम्ही आलोय. हवा भरपूर आहे. आत्ता काढतो." मग तेच परत. आतून उत्तर येवो न येवो, आपली टकळी चालू ठेवायची. त्यानं उभा जन्म हेच काम केलं होतं. निवृत्त झाल्यावरही आख्खी गल्ली त्याला मेकॅनिकच म्हणायची. आणि आता घरातच त्याच्यावर तीच पाळी आली होती.

त्याची बायको दवाखान्यातून परत आली होती. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. उजवा हात लुळा पडला होता, तो आता थोडा थोडा हलायला लागला होता. भिंतीला धरून ती मोरीपर्यंत जायची, घास स्वतः उचलायची. वाचा मात्र अशी गेली की अवघ्या दोन शब्दांवर येऊन थांबली. "असू दे."

चहा देऊ? असू दे. पंखा वाढवू? असू दे. मी कोण ते सांग बरं? असू दे.

आणि ही बाई कोण, तर शाळेच्या बसमध्ये मुलं सांभाळणारी. तिचा आवाज असा, की "हात आत!" म्हणून ओरडली की मागच्या बाकावरचीच नव्हे, शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या बसमधली माणसंसुद्धा हात आत घ्यायची. घरात त्यानं आयुष्यभर तिचा ओरडा खाल्ला होता. ओले पाय, उघडं राहिलेलं टूथपेस्टचं झाकण, खुर्चीवर टाकलेला शर्ट. तेव्हा तो म्हणायचा, जरा हळू बोल, मी काही बसमध्ये नाही. आता तो मुद्दाम शर्ट खुर्चीवर टाकायचा आणि वाट बघत उभा राहायचा. ती शर्टाकडे बघायची, त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, असू दे.

डॉक्टरांना त्यानं विचारलं, "तिला सगळं कळतं ना?" डॉक्टर म्हणाले, "आत्ताच सांगता येणार नाही. थांबून बघू." मेकॅनिकचं डोकं सणकलं. लिफ्ट बंद पडल्यावर आपण असं थांबून बघू म्हटलं असतं, तर इमारतीतल्या लोकांनी आपल्याला त्याच खड्ड्यात ढकललं असतं, असं तो मुलीला म्हणाला. पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्यानं मुलीलाही सांगितली नाही. त्याला भीती वाटत होती. आपण रोज दाराला तोंड लावून बोलतोय खरे, पण आत कोणी नसलंच तर?

मुलगी दुसऱ्या गावी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. रजा काढून आली होती. त्याच आठवड्यात वाचा शिकवणारी बाई घरी आली. बाई कसली, पोरगीच ती. तिनं चित्रांचे पत्ते मांडले. कप, चेंडू, किल्ली. बायकोनं तिन्हींना असू दे म्हटलं. मग पोरगीनं पत्ते आवरले आणि विचारलं, "यांना मनापासून काय आवडायचं?"

"ओरडायला," मेकॅनिक म्हणाला.

"व्हिडिओ गेम," मुलगी म्हणाली.

मेकॅनिकनं नाक मुरडलं. पण पोरगी एकदम सावरून बसली. "कुठला? तो नदीवाला? लाल मफलरवाला?"

"तोच!"

"अगं, आमच्याकडेही होता! माझा मामा अजून खेळतो. तीन नातवंडं झाली त्याला."

आणि दोघी अशा सुटल्या की जणू एका वर्गातल्या मैत्रिणी. तो आटलेला घाट आठवतो का, ती बदकवाली म्हातारी, तो गिरणीवाला. मेकॅनिकच्या हे सगळं डोक्यावरून जात होतं. त्याच्या हिशेबी तो एक जुनापुराणा खोका होता. मुलीचा पाय मोडला तेव्हा तिला घरात रमवायला म्हणून कोणाकडून तरी वापरलेला आणला. मुलीचा पाय बरा झाला, पण तोवर आईला नाद लागला होता. बसची सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्यामधला वेळ तिचा स्वतःचा. मुलीची शाळा सकाळची, जेवायच्या आत सुटायची. त्या वेळात मायलेकी पडद्यासमोर मांडी ठोकून बसायच्या. हा जेवायला आला की दारातूनच म्हणायचा, "झाली का राज्यं जिंकून?" आणि ताट घेऊन आत स्वयंपाकघरात जायचा. त्यांच्याजवळ बसला मात्र कधी नाही.

खोका माळ्यावर होता. मुलीनं तो उतरवला, कॅसेट काढली आणि सवयीनं तिच्यात फुंकर मारायला गेली.

"अगं ए! थुंकी जाते आत," मेकॅनिक ओरडला. "आण इकडे." त्यानं खोडरबर घेतलं, कॅसेटच्या पितळी दातांवरचा काळपटपणा हळुवार खोडला, कापडानं पुसून परत दिली. लिफ्टच्या बटणांचे पत्रेही तो असेच साफ करायचा. खोका सुरू झाला. तीच टिंगटिंग घरात घुमली जी ऐकून तो पूर्वी वैतागायचा.

मुलगी खेळू लागली. बायको खुर्चीत बसून बघत होती, किंवा नुसती पडद्याकडे तोंड करून बसली होती. कोण सांगणार? गोष्ट साधी होती. दरीतली नदी आटली आहे, आणि लाल मफलर गुंडाळलेला एक इवलासा प्राणी काठी घेऊन पाणी परत आणायला निघाला आहे. वाटेत बूट घ्यायला नाणी लागतात. मुलगी नाण्यांसाठी बांधावरचं गवत कापत बसली. एकेक काडी. कुठल्यातरी काडीतून एखादं नाणं टुणकन बाहेर यायचं.

"हे असं किती वेळ?" मेकॅनिकनं विचारलं.

"हीच आईची पद्धत आहे," मुलगी म्हणाली आणि कापत राहिली.

मग ती गिरणीवाल्याकडे गेली; त्याची गिरणी पाण्यावर चालणारी. बटण दाबलं. गिरणीवाला म्हणाला, "पाणी आलं की दळू." तिनं परत दाबलं. "पाणी आलं की दळू." गावाला एक चक्कर मारून ती परत आली. "पाणी आलं की दळू."

"हा एवढंच बोलतो?"

"आत्ता एवढंच बोलतो."

"मग त्याला कशाला सारखं विचारतेस? मला सांग, दुकानं नव्या नव्या खेळांनी भरलीत. माणसं हुबेहूब खरी वाटतात म्हणे. आणि तुम्ही सगळे या ठोकळ्यावर जीव टाकता. काय आहे काय यात?"

मुलीनं खेळ तसाच थांबवला. "बाबा, आईला मीही एकदा हेच विचारलं होतं. ती म्हणाली, इथले लोक आपली वाट बघतात. आपण चार दिवस आलो नाही तरी कोणी रुसत नाही, कोणी पुढे निघून जात नाही. आणि हा गिरणीवाला! याला परत परत भेटायचं असतं. मध्ये आपण कुठेतरी काहीतरी केलेलं असतं, आपल्याला माहीतही नसतं काय. आणि एक दिवस हा वेगळंच वाक्य बोलतो. ते ऐकलं ना बाबा, की असं बरं वाटतं! शाळेत सगळ्या मुली एकमेकींना विचारायच्या, तुझा बोलला का?"

"आणि नाहीच बोलला तर?"

"बोलतो. या खेळात सगळे बोलतात."

मेकॅनिकनं बायकोकडे बघितलं. मुलीच्याही ते लक्षात आलं, आणि ती घाईघाईनं गवत कापायला लागली.

रजा संपली. मुलगी गेली. जाताना रिमोट त्याच्या हातात देऊन म्हणाली, "रोज थोडा वेळ खेळा. ती बघेल. जमेल तुम्हाला." जमेल कसलं! दहा मजल्यांची लिफ्ट तारांवर तोलणाऱ्या त्याच्या अंगठ्यांना ती दोन बटणं आवरत नव्हती. मफलरवाला सारखा भिंतीवर आपटायचा. दोनदा विहिरीत पडला. एका बदकानं तर त्याला गावाबाहेर हाकलून दिलं. मेकॅनिक घामाघूम व्हायचा आणि दर खेपेला बायकोकडे वळून म्हणायचा, "अगं, हे असंच करायचं ना?"

"असू दे."

तरी त्यानं नेम मोडला नाही. जेवणं झाली की खोका लावायचा आणि गिरणीवाल्याला हाक मारायची. गिरणीवाला त्याचं वाक्य बोलायचा, बायको तिचं. दोघांच्या मधे बसलेल्या मेकॅनिकचीच काय ती बडबड चालायची. एके दिवशी तर तो दोघांवरही चिडला, रिमोट आपटून गच्चीवर गेला, आणि लगेच परत आला. बायको तशीच बसली होती. पडद्यावरचा मफलरवालाही तसाच उभा होता. त्याला स्वतःची लाज वाटली. तो पुन्हा खाली बसला.

अशीच एक दुपार. बदकवाली म्हातारी घरात नव्हती आणि मफलरवाला चुकून तिच्या दारातून आत शिरला. त्याला बाहेर काढायला मेकॅनिकनं बटण दाबलं, ते भलतंच. काठी फिरली आणि कोपऱ्यातलं मडकं खळ्ळकन फुटलं. आतून नाणं निघालं.

मेकॅनिक थक्क झाला. "अरेच्चा! हे बघ!" त्यानं शेजारचं मडकं फोडलं. नाणं. "आणि तुम्ही दोघी वर्षानुवर्षं गवत उपटत बसलात? हात्तिच्या! डोकं चालवायला नको का जरा?" त्याला आता खरोखर मजा यायला लागली होती. भिंतीलगत मडक्यांची रांगच होती. त्यानं तिसरं फोडलं, चौथ्यावर काठी उगारली.

"अहो!"

खिडकीची काच थरथरली म्हटलं तरी चालेल. मेकॅनिकच्या हातून रिमोट पडला.

बायको खुर्चीत पुढे वाकली होती. चेहरा लाल झाला होता. डावा हात पडद्याकडे रोखलेला होता, आणि ओठ शब्दांशी झुंजत होते. "लोकांच्या… लोकांच्या घरात… शिरून…" तिनं दम घेतला. तो पुढे होऊन काही सुचवणार होता, पण तिनं असे डोळे वटारले की तो जागीच थांबला. "मडकी… फोडतात का?"

लिफ्ट मेकॅनिकला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अडकलेला माणूस गप्प असला की काळजी करायची. आतून शिव्या यायला लागल्या, कुठे मेला होता रे इतका वेळ, तुझ्या कंपनीला आग लागो, असं ऐकू आलं की मेकॅनिक निवांत होतो. म्हणजे आतला माणूस धड आहे. रागवायला माणूस शुद्धीवर लागतो, समोर कोण आहे ते त्याला कळावं लागतं आणि काय चुकलं तेही. इतकी वर्षं लोकांच्या शिव्या खाऊन तो हसत हसत दार उघडायचा, आणि लोकांना वाटायचं हा निर्लज्ज आहे.

आता मात्र त्याला हसता येईना. तो जमिनीवर बसल्या बसल्या रडायला लागला. "नाही फोडत," तो म्हणाला. "नाही फोडत गं. चुकलं."

मग त्यानं मुलीला फोन लावला. तिच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, पण बापाचा आवाज ऐकून तिनं गिऱ्हाईकाला तसंच अर्ध्या चष्म्यावर सोडलं. "काय झालं? आईला काही झालं का?"

"ओरडली," मेकॅनिक म्हणाला. "माझ्यावर ओरडली. अख्खं वाक्य. अहो म्हणाली मला."

"कशावरून?"

"म्हातारीची मडकी फोडली मी."

पलीकडे मुलगी हसतेय की रडतेय हे त्याला कळेना. "बाबा! मडकी? म्हातारीच्या घरातली? अहो, सगळं जग फोडतं ती, पण आपल्या घरात बंदी होती! मी एकदा फोडलं होतं, तर आईनं खेळच बंद केला. म्हणाली, तो माणूस नदी आणायला निघालाय की दरोडा घालायला? म्हणून तर आम्ही गवत कापायचो. मी असते तर कधी हात लावला नसता बाबा. मी किती दिवस बसले तिथे, मी कधीच फोडलं नसतं." तिनं नाक ओढलं. "हुश्श. जीव भांड्यात पडला माझा. तिला आठवतंय. तिला सगळं आठवतंय."

"मग मी काय सांगतोय?" मेकॅनिक म्हणाला. आपण आयुष्यात कधी त्यांच्यासोबत बसलो नाही, म्हणूनच हा घोटाळा आपल्या हातून झाला, हे त्याच्या ध्यानात आलं. या एका खेपेला त्याचं अडाणीपण कामी आलं होतं.

फोन ठेवून तो वळला, तर बायको अजून त्याच्याकडेच बघत होती. प्रकरण मिटलेलं नव्हतं. बसमध्ये कोणी खोडी काढली की ती अशीच बघायची. पडद्यावर म्हातारी परत आली होती आणि फुटक्या मडक्यांपाशी उभी होती.

"काय करू? भरून देता येतात का?" त्यानं विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. त्याला घाई नव्हती. दार किलकिलं झालं की ओढाओढ करायची नसते, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

"कान," ती म्हणाली.

"काय?"

"कान… धरा."

साठी उलटलेला, डोक्याला टक्कल पडलेला मेकॅनिक टीव्हीसमोर उभा राहिला आणि बोटभर उंचीच्या म्हातारीपुढे त्यानं दोन्ही कान धरले. मागे वळून बघितलं, चाललं का म्हणून.

"नीट," बायको म्हणाली.

त्यानं नीट धरले.