लसीच्या फ्रिजमधला केक

मी लस ठेवायचा फ्रिज बोलतोय. पोटात नको ते इतकं साठलंय की आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या दारावर ठळक लिहिलं होतं, ‘फक्त लसींसाठी’. शहाडच्या एका खासगी हॉस्पिटलात मला ड्रेसिंगच्या खोलीत उभं केलं. वैशाली सिस्टरांनी मला आतून-बाहेरून पुसलं, बी प्रकारच्या काविळीच्या लसीचे डबे मधल्या कप्प्यात लावले आणि सगळ्यांना बजावलं, "ह्यात दुसरं काही ठेवायचं नाही." आपण माणसांच्या लिव्हरची राखण करणार, म्हणून मी खूश होतो.

पहिल्याच उन्हाळ्यात मॅनेजर विनीत सरांची कोल्ड्रिंकची बाटली आली. मागोमाग डब्यातली सुरमई, उष्टा वडापाव, कुणाचं तरी आंबलेलं दही. रस्सा सांडून माझ्या तळाशी वाळला. मला माझाच वास सहन होईना.

डॉक्टरांना, नर्सना लस मिळाली. रक्ताळलेल्या पट्ट्या उचलणारी मंजुळा आणि ऑपरेशन थिएटर पुसणारे कुंडलिकमामा मात्र ठेकेदाराची माणसं. त्यांच्या वाट्याची लस ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत माझ्यातच पडून राहिली.

मग विनीत सरांचा वाढदिवस आला. केकचा खोका बसेना, म्हणून त्यांनी लसीचे डबे मागे रेटले, थेट बर्फाला चिकटवून. दार लागलं आणि लस गोठली. मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा एक हात दुसऱ्या हाताने दाबून धरत आत आली. "सिस्टर, सुई घुसली. साध्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली कोणीतरी." फाटक्या हातमोज्यातून रक्त येत होतं. सिस्टरांनी तिला हात साबणाने धुवायला लावला आणि माझं दार उघडलं. क्रीम लागलेला डबा काढून त्यांनी लसीची बाटली उजेडात धरली.

"गोठलीये. एकदा गोठली की ही लस बाद."

विनीत सर उरलेला केक न्यायला आले होते. बोटाला लागलेलं क्रीम चाटत म्हणाले, "वितळेल की. सगळ्या हाउसकीपिंगवाल्यांना तीच टोचून टाका, विषय संपला. त्यांना काय कळतंय?"

मंजुळा तिथेच उभी होती. "सर, मला मराठी कळतं," ती म्हणाली.

सिस्टरांनी डबा बाजूला ठेवला. "मी ही टोचणार नाही. आणि मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगणार आहे." त्यांनी मंजुळाला रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेऊन लस टोचून आणली. मोठे डॉक्टर या हॉस्पिटलचे मालक. प्रकरण बाहेर जाईल या भीतीने त्यांनी सगळ्या सफाई कामगारांचं रक्त तपासायला लावलं आणि नवी लस मागवली.

कुंडलिकमामांना सी प्रकारची कावीळ निघाली. ते दमून जिन्यात बसायचे तेव्हा विनीत सर म्हणायचे, "कालची उतरली नाही वाटतं." मामांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. सिस्टरांनी त्यांना समजावलं, "मामा, ह्या काविळीला लस नाही, पण गोळ्या आहेत. तीनेक महिन्यांत बरे व्हाल. घाबरू नका."

पण ठेकेदाराने मामांना लगेच घरी बसवलं. विनीत सरांनी मामांचा चहाचा कप दोन बोटांच्या चिमटीत धरून कचऱ्यात टाकला. कपातून हा रोग पसरत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी सगळे आपापल्या कामाला लागले. मला ओकता आलं असतं तर मी तेव्हाच ओकलो असतो.

मंजुळाने झाडू भिंतीला टेकवला. बाकीच्या बायकांनीही टेकवला. "मामा आले की फरशी पुसू," ती एवढंच म्हणाली. दुपारपर्यंत पट्ट्यांनी बादल्या ओसंडल्या, डॉक्टर नाकाला रुमाल लावून फिरू लागले. संध्याकाळी मामांना ‘उद्यापासून कामावर या’ असा फोन गेला.

मामांच्या गोळ्या आता संपल्यात, रक्त स्वच्छ आलंय. मंजुळाचेही रिपोर्ट चांगले आहेत. विनीत सर आहेत तिथेच आहेत. वाचणाऱ्यांनो, तुमची घाण उचलणाऱ्यांना लस आधी टोचा. माझ्या पोटात पडून राहिलेली लस कुणाला वाचवत नाही.

लसीकरणाचा मोठा फोटो माझ्यासमोरच्या भिंतीवर लावलाय. मधोमध विनीत सर, हसताहेत. मला तो रोज बघावा लागतो. त्यात मंजुळा नाही. फोटोवाल्याने बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "ह्यांच्या शेजारी मी नाही उभी राहणार." आणि दुसऱ्या डोससाठी बाही वर करून ती सिस्टरांसमोर जाऊन बसली.