एक बाही पिवळी

मुलांनो, क्षणभर समजा, तुमच्या अंगात पांढरा सदरा आहे. सकाळच्या उन्हात तो पांढरा. झाडाखाली गेलात, तरी पांढरा. संध्याकाळी घरात पिवळा दिवा लावला, तरी पांढराच. इतकं सरळ आहे ना? आता भिंगरीच्या आईच्या लाँड्रीत या आणि मोठी माणसं यावरूनही कशी भांडतात ते बघा.

ढगाळ दुपारी बँडमास्तर कोट घेऊन तावातावाने आत शिरले. त्यांच्या बँडचे बारा पांढरे कोट म्हणजे लाँड्रीचं सगळ्यात मोठं काम. मास्तरांची मिशीही कोटासारखीच पांढरीशुभ्र, आणि तिचा त्यांना कोटाहून जास्त अभिमान.

"बाई, एक बाही धुवायची राहिलीय. पिवळी आहे."

आईने कोट उलटसुलट करून पाहिला. "मास्तर, मला तर दोन्ही पांढऱ्या दिसतायत."

"मलाही दिसतायत! म्हणून तर फोटो काढला. डोळे फसतात, फोन फसत नाही."

फोटोत कोट घरच्या खुंटीला टांगलेला होता. खिडकीकडची बाही पांढरी, दिव्याकडची पिवळीधम्मक.

"संध्याकाळी कार्यक्रम आहे. आत्ताच बाही पांढरी करून द्या, नाहीतर बाराही कोट दुसरीकडे टाकतो."

आईने ब्लीचची बाटली काढली. कोट जुना होता. आणखी एकदा ब्लीच लागलं की बाहीची चाळण होणार, हे तिला ठाऊक होतं. पण बारा कोट!

"आई, थांब गं!" भिंगरीने कोट दार आणि इस्त्रीच्या टेबलावरचा पिवळा दिवा यांच्या मधोमध टांगला. मग कागदाची सुरळी केली, एक डोळा मिटला आणि सुरळीतून पाहिलं. दाराकडची बाही पांढरी, दिव्याकडची पिवळी. तिने कोट फिरवून टांगला. आता दुसरी बाही पिवळी!

"काका, पिवळेपणा दिव्याचा आहे, कोटाचा नाही. तुम्हीच बघा."

भिंगरीचं बरोबर होतं. आपल्याला सगळी खोली दिसते, तेव्हा उजेड पिवळा आहे हे मेंदू ओळखतो आणि तेवढा पिवळेपणा मनातल्या मनात वजा करतो. सुरळीतून नुसता कापडाचा तुकडा दिसतो, मग वजा काय करणार? मेंदू मोठा समजूतदार. दिव्याचा दोष तो कोटाच्या माथी मारत नाही. ते काम आपण करतो.

मास्तरांनी सुरळीतून आधी दिव्याकडची बाही पाहिली, मग कोट फिरवून दुसरी.

"अरे देवा! म्हणजे दोन्ही बाह्या पिवळ्या आहेत!"

आईने सुस्कारा सोडला आणि बाटलीचं झाकण उघडलं.

"काका, तुमचा फोन द्या ना," भिंगरी म्हणाली. "आणि कोटाच्या जागी तुम्ही उभे राहा."

फोटो म्हटल्यावर मास्तर लगेच उभे राहिले. मिशीला पीळही दिला.

मग त्यांनी फोटो पाहिला. अर्धी मिशी पांढरी, अर्धी पिवळी. त्यांचा हात हळूच ओठांवर गेला.

भिंगरीने आईच्या हातातली बाटली घेतली, झाकण घट्ट लावून मास्तरांसमोर ठेवली आणि कपड्यांना लावायची नंबराची चिठ्ठी फाडत विचारलं,

"काका, मिशी आत्ताच टाकताय धुवायला, की कार्यक्रम झाल्यावर?"