धक्क्यावरची म्हातारी

रोपातीने गिटारीच्या तारांवर पंजा ठेवला आणि सूर मधेच मोडला. चटईवर तोमासी एक पाय उचललेला तसाच उभा राहिला. डोक्याला बायकोचा रुमाल, कमरेला तिचंच फुलाफुलांचं कापड.

"ही मागच्या वर्षीची विहीणबाई झाली," रोपाती म्हणाला. "तीच कंबर, तोच ठुमका. लोकांनी पाहिलंय हे."

"तू सूर तोच वाजवतोयस. मी काय करू?"

"नाचता येईना अंगण वाकडं."

भोवती केवड्याच्या पात्यांच्या चटया विणत बसलेल्या बायका खुसखुसल्या, पण हात काही थांबले नाहीत. तोमासीने ते पाहिलं आणि पाय खाली टेकला. सोंग कागदावर लिहायचं नाही, ही त्यांची पद्धत. रोपाती वाजवणार, तोमासी चटईवर उतरणार आणि अंगात जे येईल ते येऊ देणार. फिलीपो एरवी गावची बस चालवायचा. इथे तो समोर जो लागेल तो व्हायचा, कधी पोलीस, कधी पाद्री, कधी जावई. आणि पारख करायला या बायका. त्यांच्या हसण्यावर कुणी विसंबत नसे. त्या काय, पाल पडली तरी हसतात. विणता हात थांबला तरच ते ठेवायचं.

दक्षिण समुद्रातल्या सावाईई बेटावरच्या त्या गावात नवं चर्च बांधून झालं होतं. ऑकलंडला जाऊन स्थायिक झालेली मंडळी उद्घाटनाला येणार होती. त्यांच्यापुढे जुनंच सोंग काढायचं म्हणजे शेजारच्या गावांना वर्षभर चघळायला विषय. म्हणून गेले कित्येक दिवस ही झटापट चालली होती आणि पदरात काही पडत नव्हतं.

रोपातीने सहज चाळा म्हणून एक संथ सूर धरला. बोटीची वाट बघत धक्क्यावर बसलेला कुणीतरी रिकामटेकडा वाजवत असतो, तसला. तोमासी रुमाल सोडायला निघाला होता. त्याचा हात डोक्यापर्यंत गेलाच नाही. गळ्यापाशी थांबला आणि तिथे काहीतरी नाजूक वस्तू असल्यासारखा तळवा छातीवर आडवा झाला. खांदे उतरले. पाय फरफटायला लागले. डोळे बारीक करून तो समुद्राकडे बघू लागला.

फिलीपो तसा हुशार माणूस. कोपऱ्यातली नारळांची टोपली त्याने पेटीसारखी खांद्यावर घेतली आणि बोटीतून उतरल्यासारखा चटईवर आला.

"आलीस गं बाई!" तोमासीच्या तोंडून म्हातारीचा आवाज फुटला. त्या ढेरपोट्या बसचालकाचे गाल तिने दोन्ही हातांनी धरले. "किती वाळलीस! तिकडे जेवायला घालत नाहीत का?"

एक नाही, सगळ्या बायकांचे हात थांबले.

त्या दिवसापासून म्हातारी वाढीला लागली. बोटीतून जो उतरेल तो तिचा. पोलिसाला तिने भाचा केला. सरकारी साहेबाच्या हातातली बॅग हिसकावून त्याला नीरफणस खायला घरी चल म्हणून ओढलं. पाद्रीला तर हरवलेला नवरा समजून असा जाब विचारला की बायका लोळायच्या बाकी राहिल्या. सुरावर पावलं पडायची, पावलांवरून शब्द यायचे, आणि म्हातारी कुणालाही नको म्हणायची नाही. अडलं ते एका ठिकाणी. तिला धक्क्यावरून घरी कसं न्यायचं हे कुणाला सुचेना. समुद्रात पाडून बघितलं. झोपवून बघितलं. एकदा मारूनही बघितलं, तेव्हा बायकांनी तोंडं वाकडी केली. शेवटी फिलीपोने तिला खांद्यावर टाकून न्यायची असं कामचलाऊ ठरलं.

तोमासीची आत्या, सालाईना, विणणाऱ्या बायकांत सगळ्यात म्हातारी. तालीम संपल्यावर तिने त्याला खुणेने जवळ बोलावलं.

"तो हात असा छातीवर का धरतोस रे?"

"हार असतो ना गळ्यात. उन्हाने फुलं कोमेजतात."

तो बोलून गेला. आत्याने एक पाती चुकीच्या बाजूने घातली, उसवली, पुन्हा घातली.

असा हार घेऊन तोमासी एकदा खरोखरच धक्क्यावर उभा राहिला होता. आई गेली तेव्हा. त्याची थोरली बहीण पेनिना ऑकलंडहून येणार म्हणून निरोप होता. त्या दिवशी आलेली प्रत्येक बोट त्याने रिकामी होईपर्यंत पाहिली होती, हाराला सावली धरून. तिचे कागदपत्र वेळेवर झाले नाहीत, हे मागाहून कळलं. घरी येऊन त्याने लोकांना सांगितलं की बोट बिघडली. का सांगितलं, कुणास ठाऊक. तिच्या नावाला बोल लागू नये म्हणून असेल. पण आईला मूठमाती देताना लेक नव्हती, ते नव्हतीच. काही नातेवाइकांनी तोंड सोडलं, ते समुद्रापार पोचलं, आणि पेनिना त्यानंतर कधी आली नाही. भाऊ रागावलाय असं ती समजून होती. भाऊ रागावला नव्हता. त्याला तिची आठवण यायची, इतकंच. आणि ती इतकी यायची की कुणाला सांगायची सोय नव्हती.

"पेनिना येतेय," आत्या म्हणाली. "येणाऱ्यांची नावं पाद्रीबाईंनी वाचून दाखवली. आता तू कसा नाचणार?"

प्रश्न साधा होता. चटईवर उतरलेल्या माणसाच्या अंगात भूत आलेलं असतं, असं तिथे मानतात. म्हणून तो गावच्या मुखियांची टिंगल करो, पाद्रीची नक्कल करो, कुणी रागवायचं नाही. भुताला कोण जाब विचारणार? पण बहिणीपुढे भुतालाही माघार घ्यावी लागते. बहिणीचा मान तिथे सगळ्यांत वरचा. तिच्यासमोर भाऊ मोठ्याने हसतसुद्धा नाही, मग कंबर हलवणं दूरच. भाऊ सोंग घेऊन उभा राहिला की बहीण उठून जाते. ती बसलेली असेल तर तो उभा राहत नाही. आणि बसून मन मोकळं करावं, तर एवढ्या मोठ्या बहीणभावांनी तसं गुजगोष्टी करत बसायची रीत नाही. रागावलो नव्हतो, हे दोन शब्द सांगायला तोमासीकडे जागाच नव्हती.

म्हातारी फिलीपोला देऊन पाहिली. त्याने जीव तोडून केली. बायका मुकाट्याने विणत राहिल्या.

"ताईला पाद्रींच्या घरी बसवा," तोमासी शेवटी आत्याला म्हणाला. "त्या वेळेपुरतं. पाद्रीबाई सोबत बसतील."

हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. साऱ्या जगातून एकाच माणसाने ही म्हातारी बघावी असं त्याला वाटत होतं, आणि त्याच माणसाची सोय त्याने चार घरं पलीकडे लावून टाकली.

पाहुणे आले तेव्हा तो दगडांच्या भट्टीपाशी होता, कोपरापर्यंत राखेत. फिलीपोच्या बसमधून बायका उतरल्या. शेवटून दुसरी उतरली ती दाराचा दांडा धरून, आधी एक पाय, मग दुसरा. केस कापसासारखे पांढरे. तोमासीने हात पुसले, पुढे गेला आणि रीतीप्रमाणे जरा अंतर ठेवून उभा राहिला.

"प्रवास बरा झाला ना, ताई?"

"बरा झाला." ती त्याच्या पायांकडे बघत होती. "मुलं मोठी झाली असतील."

"हो."

इतक्यात आत्याने तिचा हात धरला आणि दुपारनंतर तिने पाद्रींकडे बसायचं ठरलंय असं सांगितलं. पेनिनाने एकदा तोमासीकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

त्या एका शब्दात तिला काय वाटलं ते त्याला लख्ख ऐकू आलं. आपला मान राखायला हे चाललंय, असं तिला वाटलं नव्हतं. तोंड दिसायला नको म्हणून आपल्याला दूर सारलंय, असं वाटलं होतं. हाक मारून सांगावं तर भोवती सगळा गाव. तोमासी भट्टीकडे परतला आणि भाजून झालेले नीरफणस पुन्हा उलटत बसला.

प्रार्थना झाली, भाषणं झाली, जेवणं झाली. ऊन कलल्यावर सगळे मोठ्या घरात जमले. खांब आणि छप्पर, बाकी चहूबाजूंनी मोकळं. तेवढ्यात आत्याने डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून मावळतीकडचे झावळ्यांचे पडदे सोडायला लावले. वारा अडला म्हणून पाहुण्यांनी कुरकुर केली, पण आत्याच्या तोंडी कोण लागणार? रोपातीने तो संथ सूर धरला.

म्हातारी त्या दिवशी अशी काही रंगली की तालमी फिक्या पडाव्या. ऑकलंडच्या पाद्रींना तिने धाकटा दीर केलं आणि जुन्या उधारीबद्दल झाडलं. मुखियांना बोटाला धरून घरी निघाली, म्हणे पोरगं दमलंय. मुखिया बिचारे हसून हसून डोळे पुसत होते. सगळे उतारू संपले. फिलीपो तिला खांद्यावर टाकायला पुढे सरसावला.

"आजी," पडद्याच्या पलीकडून आवाज आला. "मी राहिले ना. मला नाही नेणार?"

लोक खदखदून हसले. सोंगाच्या मंडळींनीच कुणालातरी लपवून बसवलंय असं त्यांना वाटलं. फिलीपोने गोंधळून रोपातीकडे बघितलं. तोमासीला बघायची गरज नव्हती. या आवाजाने त्याला लहानपणी जेवायला हाका मारल्या होत्या. कलत्या उन्हाने झावळ्यांवर एक सावली टाकली होती, पाय एका बाजूला दुमडून बसलेल्या बाईची. आत्या खाली मान घालून आपल्या बोटांकडे बघत होती.

पाद्रींकडून उठून ती इथे आली होती. घरात नव्हती, पडद्याबाहेर होती. पण ऐकत होती. आता रुमाल काढून खाली बसणं हेच योग्य होतं. पण तो थांबला असता तर सगळ्या माना पडद्याकडे वळल्या असत्या, कोण बसलंय ते क्षणात कळलं असतं, आणि एवढ्या वर्षांनी आलेल्या बाईची गावभर शोभा झाली असती. आणि न थांबता इतरांसारखं तिलाही ओढावं, तर ती बहिणीचीच थट्टा. रोपातीने सूर पुढे नेला नाही. एकाच जागी हलकेच घोळवत ठेवला.

तोमासी फरफटत पडद्यापर्यंत गेला. हातभर अंतर ठेवून उभा राहिला.

"कोण गं तू?"

"मीच. ओळखलं नाही?"

"नाही बाई. तू नव्हेस." लोक हसले, म्हातारीने तोवर कुणाला नाकारलं नव्हतं. "मी जिची वाट बघते, तिचे केस काळेभोर आहेत. आणि ती मला कडेवर घेऊन सगळा गाव हिंडते. तुला पेलवेन का मी?"

छप्पर उडेल असा हशा पिकला. कमरेत वाकलेली म्हातारी, आणि तिला म्हणे तिची पोर कडेवर घेते. तोमासी हसू ओसरेपर्यंत थांबला. पुढचं बोलताना आवाज म्हातारीचाच राहिला, पण खाली आला.

"तिकडेच राहतेस ना तू? ती भेटली कधी तर सांग. आईच्या वेळी इथे कुणी रागावलं नव्हतं. शेवटची बोट जाईपर्यंत उभं होतं माणूस."

सावली हलली नाही.

"सांगते," पलीकडून आलं. "तिला वाटलं होतं..."

"काय वाटायचं ते वाटो. तू फक्त सांग."

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी शिट्टी मारली. पडद्यामागे हसू फुटलं, छान मोकळं, मोठ्या बायांचं असतं तसं. लोकही त्यात सामील झाले. मग लोकांचं थांबलं आणि पलीकडचं थांबेना. त्याचा आवाज बदलायला लागला.

रोपातीने मान खाली घातली आणि गिटारीवर असा हात मारला की जवळची माणसं दचकली. संथ सूर नाचाचा झाला. फिलीपोने टोपली उपडी करून बडवायला घेतली, आत्या सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवू लागली, मग मुखिया, मग पाहुणे, आणि त्या गलबल्यात दुसरं काही ऐकू येण्याची सोय राहिली नाही. तोमासीने छातीवरचा हात खाली सोडला, पडद्याकडे पाठ केली आणि म्हातारीला घेऊन घराच्या वाटेला लागला.