फुंकरीने उतरलेला ताप

जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत चपलांचा खच पडला होता आणि धाकटीला स्वतःच्याच घरात शिरायला "जरा सरका हो" म्हणावं लागत होतं. आत मुंगी शिरायला जागा नाही. कडेवर फणफणलेली पोरं, भिंतीला टेकलेले म्हातारे, आणि मधोमध खुर्चीवर तिची थोरली जाऊ. तिला आता अख्खी गल्ली फुंकरकाकू म्हणत होती.

"आम्ही अंधश्रद्धा मानत नाही बरं का," फुंकरकाकू सांगत होती. "आमच्याकडे सगळं शास्त्रीय. आधी मोजायचं, मग फुंकायचं, मग परत मोजायचं."

शास्त्र असं, की आजाऱ्याने आधी गरम पाण्याचे घोट घ्यायचे, म्हणजे अंगात दडून बसलेला ताप वर येतो म्हणे. मग जिभेखाली थर्मामीटर. एकशे तीन, एकशे चार, जो काही आकडा येईल तो काकू मोठ्याने वाचायची आणि लोक हळहळायचे. मग डोळे मिटून कपाळावर एक लांबलचक फुंकर. मग फ्रीजमधलं गार पाणी तोंडात धरून हळूहळू गिळायचं, कारण फुंकर आत मुरायला हवी. परत थर्मामीटर. अठ्ठ्याण्णव. लोकांचे हात आपोआप जोडले जायचे. सासूबाईंनी जन्मभर थोरलीच्या भाजीला नावं ठेवली, आणि आता त्याच दाराशी बसून लोकांचे नंबर लावत होत्या.

हे बघून धाकटीचा नुसता जळफळाट व्हायचा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून ती यायची, तर चहाचं सोडा, पाणीसुद्धा कुणी विचारत नव्हतं. पण ते एक वेळ चाललं असतं. तिचा सात वर्षांचा टिल्लू तापात बरळायचा तेव्हा "आई" म्हणायचा नाही, "काकू" म्हणायचा. ते तिला सहन होत नव्हतं.

सगळं सुरू झालं तेही टिल्लूपासूनच. त्याला टायफॉइड झाला, डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. काही दिवस ताप हटेना, तेव्हा एका संध्याकाळी थोरलीने त्याला मांडीवर घेऊन कपाळावर फुंकर मारली आणि सकाळी ताप उतरलेला. गोळ्यांचा गुण नुकता येऊ लागला होता, पण श्रेय गेलं फुंकरीला. "आता कशाला पोराच्या पोटात विष घालायचं?" असं थोरली म्हणाली आणि उरलेल्या गोळ्या केराच्या डब्यात गेल्या. कौतुक जिना उतरून खाली गेलं आणि गर्दी जिना चढून वर आली. पुढे काही आठवड्यांतच टिल्लूचा ताप परतला. आता तो रोज संध्याकाळी फणफणायचा, काकू रोज फुंकायची, थर्मामीटर रोज अठ्ठ्याण्णव दाखवायचा आणि पोरगं मात्र दिवसेंदिवस वाळत चाललं होतं.

"डॉक्टरकडे नेऊ या," धाकटी नवऱ्याला म्हणाली.

"आकडा तर तू स्वतः बघतेस ना?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तुला वहिनीचं बघवत नाही, असं आई म्हणते."

खरंच होतं ते. बघवत नव्हतंच.

म्हणून तर त्या दिवशी, बाहेर गर्दी असताना, तिने टिल्लूला स्वयंपाकघरात घेतलं आणि आतून कडी लावली. तिला जमतं, मग मला का नाही? मी तर जन्म दिलाय याला. तिने गरम पाणी पाजलं, मोजलं, एकशे चार. मग जीव ओतून फुंकर मारली, गार पाणी पाजलं आणि परत मोजलं. अठ्ठ्याण्णव.

धाकटी हरखली. क्षणभर तिला बाहेरची खुर्ची दिसली, खुर्चीत ती स्वतः आणि दाराशी नंबर लावणाऱ्या सासूबाई.

"आई, थंडी वाजते गं," टिल्लू म्हणाला.

तिने त्याला जवळ ओढलं. पाठ तव्यासारखी तापलेली, पोटही तसंच. मग अठ्ठ्याण्णव कसले? तिने थर्मामीटर त्याच्या काखेत धरला. एकशे तीन. मग स्वतः गरम पाणी पिऊन तिने थर्मामीटर जिभेखाली धरला. काडीचाही ताप नसलेल्या बाईला थर्मामीटरने एकशे तीन दाखवले.

"मेलं, गार झालं ते तोंड," ती पुटपुटली. "पोर नाही."

टिल्लूला खांद्यावर टाकून ती तडक बाहेर आली. "ताई, थर्मामीटर काखेत का लावत नाही तुम्ही?"

"फुंकर तोंडावाटे जाते," फुंकरकाकू शांतपणे म्हणाली. "काखेतून जाते का कधी?"

"बरं. आई, तुम्हाला ताप आहे का?"

"मला कशाला येईल ताप?" सासूबाई म्हणाल्या. "मी ठणठणीत आहे."

"मग हे गरम पाणी घ्या. आता हा धरा जिभेखाली."

आकडा आला एकशे चार. "अगं बाई, मला केव्हा आला ताप?" म्हणत सासूबाई भिंतीला टेकल्या. धाकटीने त्यांना गार पाणी पाजलं, परत मोजलं. अठ्ठ्याण्णव.

"आता सांगा, यांना कोणी फुंकर मारली?"

खोलीत कुणी हसलं, कुणी खाली बघू लागलं. फुंकरकाकूचा चेहरा पडला. "जळते ही माझ्यावर," ती म्हणाली. "सगळ्यांना ठाऊक आहे."

"हो, जळते," धाकटी म्हणाली. "कधीची जळतेय. म्हणून माझ्या बोलण्यावर मुळीच जाऊ नका. घरी जा, धडधाकट माणसाला गरम पाणी पाजा, मोजा. मग गार पाजा, परत मोजा. माझ्यावर नको, ताईंवरही नको, स्वतःच्या डोळ्यांवर तरी विश्वास ठेवा. आणि ज्याचं अंग तापलंय त्याला दवाखान्यात न्या."

गर्दीतून पुढे येत नवऱ्याने टिल्लूच्या सदऱ्याखाली हात घातला आणि गाडीची किल्ली उचलली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला घेतलं, मग दोघांना झापलं. "अर्धमेले जंतू जिवंत सोडलेत तुम्ही. आणखी थांबला असतात तर आतड्याला भोक पडायचा धोका होता. आता इंजेक्शन दिलं तरी ताप उतरायला काही दिवस लागतील. उतरत नाही म्हणून घाबरू नका, आणि उतरला म्हणून औषध थांबवू नका."

उतरला, सावकाश. इंजेक्शनं संपून गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी थोरली भेटायला आली. तिला बघताच टिल्लूने हात पसरले. धाकटीच्या काळजात परत कळ उठली.

"पहिल्यांदा मला खरंच वाटलं होतं गं," थोरली म्हणाली. "मग एकदा गरम पाणी पिऊन माझं मीच मोजलं आणि कळलं. पण तोवर लोक काकू काकू करायला लागले होते. तू पगार आणतेस, घरात तुला मान. मला कोण विचारत होतं?"

म्हणजे ही आपल्यावर जळत होती. धाकटीला हसावं की रडावं कळेना. "पोर गेलं असतं माझं," ती एवढंच म्हणाली.

थोरलीने मान खाली घातली. टिल्लू तिच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगुळला होता. "झोपेपर्यंत फुंकर घालू का त्याला?" तिने भीत भीत विचारलं. "बरं वाटतं त्याला."

बरं वाटत होतं हे धाकटीलाही दिसत होतं, आणि तेच तिला खुपत होतं.

"घाला," ती म्हणाली. "पण ताई, आधी ही गोळी द्या."