सात सायकली आणि एक खांब

मी बसथांबा बोलतोय. हसू नका. जन्मात एक पाऊल चाललो नाही आणि वाहतुकीवर तोंड उघडतोय, हे मलाही कळतं. पण ज्यांनी माझ्या बसचा निकाल लावायला घेतला होता, ते तरी कुठे बसने फिरत होते?

थांबा म्हणजे फार काही समजू नका. एक लोखंडी खांब आणि वर पत्र्याची पाटी. छप्पर नाही, बाक नाही. वेल्डरने पाटी चिकटवली तीही तिरकी. "चालतंय, कोण बघतंय!" म्हणाला. झालं, चाळीस वर्षं मान वाकडी करून उभा राहिलो. पाटीवर काय लिहिलंय ते मला कधी वाचता आलं नाही. छातीवर मोठाली अक्षरं आणि डोक्यात भोपळा. साहेबच व्हायचो, थोडक्यात हुकलो.

माझी बस एकच. खालच्या वस्तीतून टेकडीवरच्या सरकारी दवाखान्यात जायची. सकाळी सातला दहा कमी असताना यायची. त्या बसला ठरलेली माणसं, त्यात एक मावशी. दवाखान्याच्या धुलाईत चादरी धुवायच्या. घर लांब, तिकडे बस नाही, म्हणून सायकल मारत माझ्यापर्यंत यायच्या, माझ्या पायाला सायकल साखळीनं बांधायच्या आणि बसमध्ये चढायच्या. त्यांचं बघून आणखी सहा जणं तसंच करायला लागली. माझा रंग खरवडून निघाला. मी रोज शिव्या घालायचो. सुट्टीच्या दिवशी मात्र करमायचं नाही, ते सोडा.

एके दिवशी मोजणीचा कारकून आला. किती माणसं बसने जातात आणि किती सायकलने, ते लिहायला. ऑफिस साडेदहाला उघडतं, म्हणून हा आला अकराला. साडेनऊनंतर माझी बस थेट एकला. हा बिचारा छत्री उघडून दीड तास उभा राहिला आणि साडेबाराला जेवायला गेला. जाताना फोनवर म्हणाला, "साहेब, इथे प्रवासी शून्य. सायकली मात्र सात. सगळे सायकलवालेच झालेत हो!" आणि माझ्या अंगावर थाप मारली.

मी काय केलं असेल? फुगलो. चाळीस वर्षांत कुत्र्याशिवाय कुणी माझी दखल घेतली नव्हती.

दोन महिन्यांनी माझ्यावर कागद चिकटला. मला वाटलं, सत्कार आहे. मावशींनी वाचला आणि तिथेच उभ्या राहिल्या. बस आली, ड्रायव्हर ओरडला, "मावशी, चढताय ना?"

"चढते बाबा. पहिल्या तारखेपर्यंत चढते. पुढे तुझी बस बंद, त्या पैशात सायकलचा रस्ता करणारेत."

"अहो, मग बरंच की. तुमच्याकडे सायकल आहे!"

"आहे ना. गुडघे तू देतोस का?"

मावशींच्या पेन्शनीला दोन वर्षं राहिली होती. साडेसातला हजेरीचं पुस्तक बंद होतं, आणि टेकडीचा तो चढ तरणीताठी माणसंसुद्धा उतरून चढतात. ज्या मोजणीवर मी फुगलो, तिनंच बाईची नोकरी जायची वेळ आणली होती. मी तिथेच उभा. खांबाला दुसरं येतं काय?

मग बस आणि रस्त्याचा निकाल लावणारी समिती पाहणीला आली. अध्यक्षबाई, कारकून आणि हेल्मेट घातलेले एक चित्रकलेचे मास्तर, सायकलवाल्यांच्या वतीने. मावशींनी अर्धी रजा टाकली होती. ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. लगेच जुंपली.

"तुमची बस नुसता धूर सोडते," मास्तर म्हणाले.

"आणि तुम्ही नुसतं भाषण. घाम मी तरी कधी बघितला नाही तुमचा," ड्रायव्हर म्हणाला.

"मी रोज वीस किलोमीटर मारतो!"

"सपाटीवर!"

अध्यक्षबाई वैतागल्या. "भांडू नका. पैसा एकच आहे, कुठे तरी एकाच ठिकाणी जाणार. मोजणीत सायकली आहेत, प्रवासी नाहीत. मी काय करू?"

तेव्हा मावशी पुढे आल्या. आपल्या सायकलीवर हात ठेवून कारकुनाला म्हणाल्या, "दादा, ही मोजलीत ना तुम्ही? मग हिचं माणूस कुठे होतं?"

कारकून सायकलीच्या मागे बघायला लागला. खरंच बघितलं त्यानं!

"कुलूप लावलेली सायकल कुठे चाललेली असते का? माणूस बसमध्ये चढलं, म्हणून ती इथे उभी. तुम्ही सात माणसं बसमधून काढून सायकलवर बसवलीत." मग त्यांनी किल्ली पुढे केली. "घ्या. दवाखान्यापर्यंत जाऊन या. मी थांबते."

अध्यक्षबाईंनी नुसती मान हलवली. कारकून गेला. पाऊण तासाने परत आला, चढभर सायकल ढकलून शर्ट पिळण्यासारखा. मास्तरांनीच त्याला पाणी दिलं आणि हळूच म्हणाले, "तो चढ मीही टाळतो." मग अध्यक्षबाईंना म्हणाले, "बाई, यांना बस नसेल तर माझ्या रस्त्यावर येणार कोण?"

दुसऱ्या दिवशी कारकून सकाळी साडेसहाला हजर. डोळे चोळत त्यानं मोजली, त्रेचाळीस माणसं. बस वाचली. सायकलचा रस्ता व्हायचाय, पण तो माझ्यापर्यंतच, आणि पुढे बस. भांडून दोघांच्या वाट्याला अर्धं अर्धं आलं, तेच बरं.

आता माझं. सायकली नीट लावायला स्टँड हवा, वर छप्पर हवं, आणि मधोमध कोण अडचण? मी. दोन माणसं आली, खणून काढलं, टेम्पोत टाकलं. जन्मातला पहिला प्रवास, तोही आडवा. मावशींनी तेवढं साखळीच्या खुणांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जा बाबा. खूप ओझं सांभाळलंस." मी नेमका त्या वेळी गंजलेला होतो, नाहीतर काही तरी बोललो असतो.

आता मी बस डेपोच्या भिंतीशी पडून आहे. मागणं एकच. मोजायला याल तेव्हा लवकर या, आणि उभ्या खांबाच्या फुशारकीवर जाऊ नका. आमचा ड्रायव्हर हल्ली कामावर सायकलने येतो, मास्तरांनी नादी लावलं. सायकल माझ्याच पायाला बांधतो आणि बस घेऊन जातो. उद्या कुणी अकराला वही घेऊन आला तर लिहील: सायकल एक, माणूस शून्य.